हायवेवर गाडी थरथरते? दोष नेमका कुठे, ते पायरीपायरीने असं शोधा

शहरात पन्नासच्या आत गाडी अगदी शांत चालते. एक्सप्रेसवेला लागून काटा ८० च्या पुढे गेला, की स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं. ९५ ला थरथर सगळ्यात जास्त असते, ११५ च्या आसपास थोडी निवळते. ही तक्रार घेऊन गेलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: अलाइनमेंट-बॅलन्सिंग (चाकांची दिशा जुळवणं आणि छोटी वजनं लावून चाकांचा तोल साधणं) करून घ्या. ते होतं, पैसे दिले जातात, आणि पुढच्या खेपेला खालापूरचा टोलनाका मागे पडला की थरथर पुन्हा हजर. मग लोअर आर्म, मग शॉकअप, मग स्टिअरिंग रॅक. एकेक चांगला भाग बदलत हजारो रुपये जातात आणि मूळ दोष जागीच राहतो.

हे टाळता येतं. ठरावीक वेगाला येणारी थरथर कुठल्या ना कुठल्या फिरणाऱ्या भागातून येते, आणि गाडीत फिरणारे भाग मोजकेच आहेत: चाकं, ब्रेकच्या डिस्क, ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्सकडून चाकाला ताकद नेणारा दांडा), इंजिन, आणि मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांमध्ये प्रोपेलर शाफ्ट (ती ताकद मागे नेणारा लांब दांडा). प्रत्येकाचा फिरण्याचा वेग वेगळा, त्यामुळे थरथरीची जातही वेगळी. आधी जात ओळखायची, मग पाना उचलायचा. पुढची सगळी पद्धत याच क्रमाने आहे, आणि तिचा बराचसा भाग गाडीचा मालक स्वतः करू शकतो.

रस्त्यावर नेण्याआधी घरच्या अंगणात

चाचणीसाठी गाडी वेगात न्यायची आहे, म्हणून आधी ती नेण्याजोगी आहे का ते बघा. टायरच्या बाजूच्या भिंतीवर कुठे फुगा आलाय का, हे चारही चाकांवर आत-बाहेर दोन्हीकडून तपासा. आतली बाजू दिसत नसेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवून, टॉर्च मारून बघा. खड्ड्यात चाक जोरात आदळलं की टायरच्या आतले धागे तुटतात आणि तिथे हवा बाहेर ढकलते. असा टायर हायवेवर कधीही फुटू शकतो. फुगा दिसला तर तपास तिथेच थांबला, टायर बदला. टायरच्या तोंडावर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या पृष्ठभागावर, एखादा पट्टा उंच वाटत असेल तरी तेच.

मग चाकांचे नट. पान्याने प्रत्येक नट घट्ट आहे याची खात्री करा. नुकतंच पंक्चर काढलं असेल, टायर बदलले असतील किंवा ब्रेकचं काम झालं असेल आणि थरथर त्यानंतर सुरू झाली असेल, तर पहिला संशय नटांवरच घ्यायचा. सैल नटामुळे चाक निखळू शकतं, म्हणून ही तपासणी गाडी हलवण्याआधीच.

हवा टायर थंड असताना भरा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. नायट्रोजन आहे की साधी हवा, याने थरथरीत काहीही फरक पडत नाही.

आता चाकाची आतली बाजू बघा. ही गोष्ट आपल्याकडे फार दुर्लक्षित राहते. पावसाळ्यात शेतरस्त्याने किंवा चालू कामाच्या ठिकाणाहून गाडी गेली, की रिमच्या आतल्या कडेला चिखल चिकटून वाळतो. मराठवाडा-विदर्भातली काळी माती एकदा वाळली की बोटाने निघत नाही, कोकणातला लाल चिखलही बराच चिवट. मूठभर चिखल सहज १०० ग्रॅमच्या वर भरतो, आणि बॅलन्सिंगला लावतात ती वजनं बहुतेकदा १० ते ४० ग्रॅमची असतात. गाडी धुणारे बाहेरून फवारा मारतात, आतला गोळा तसाच राहतो. पाइप आत घालून, काडीने खरवडून चारही रिम आतून स्वच्छ करा. गावाला जाऊन आल्यावर सुरू झालेली थरथर अनेकदा इथेच संपते आणि खर्च शून्य.

धुतलेल्या रिमवर बॅलन्सिंगची वजनं जागेवर आहेत का तेही दिसतं. आधी चिकटवलेलं वजन पडलं असेल तर तिथे गोंदाचा चौकोनी डाग राहतो. पंक्चर होऊ नये म्हणून टायरमध्ये द्रव सीलंट ओतलेलं असेल तर ते आठवून लिहून ठेवा. हा द्रव गाडी उभी असताना खाली साचतो आणि चाकाचा तोल बिघडवतो. तो आत असताना मशीनवर कितीही वेळा चाक चढवलं तरी दर खेपेला वेगळा आकडा येतो.

चाचणी: काय बघायचं आणि कसं

सोबत एक माणूस घ्या. तो नोंदी करील, तुम्ही रस्त्यावर लक्ष ठेवा. रस्ता सरळ, सपाट, कमी वर्दळीचा हवा, वेळ दिवसाची आणि हवा कोरडी. वेगमर्यादा पाळूनच चाचणी करायची. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या मैदानी टप्प्यात कारला १०० ची आणि समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे, म्हणजे थरथरीचा नेहमीचा पट्टा मर्यादेच्या आत सापडतो. घाटात ही चाचणी अजिबात करू नका.

सुरुवातीचे १५-२० किलोमीटर काहीही ठरवू नका. गाडी बरेच दिवस एका जागी उभी असेल तर टायरचा जमिनीला टेकलेला भाग थोडा चपटा होतो. टायर गरम झाले की तो बहुधा पूर्ववत होतो. थरथर या अंतरात आपोआप गेली तर एवढंच कारण होतं.

आणखी एक फसगत रस्त्याची. हे दोन्ही महामार्ग बऱ्याच अंशी काँक्रीटचे आहेत. काँक्रीटच्या रस्त्यात ठरावीक अंतरावर आडवे सांधे असतात, सामान्यतः साडेचार मीटरवर. १०० च्या वेगाला सेकंदाला सुमारे सहा सांधे चाकाखालून जातात आणि एक संथ ‘ठप-ठप-ठप’ ऐकू येते. तो गाडीचा दोष नव्हे. डांबरी तुकडा लागला की ती थांबते, चाकाची थरथर मात्र थांबत नाही. म्हणून निदान नेहमी डांबरी रस्त्यावर पक्कं करा.

आता पाच गोष्टी तपासायच्या. पहिली, थरथर किती वेगाला सुरू होते, कुठे शिगेला पोचते आणि पुढे कमी होते की वाढतच जाते. स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा थोडा जास्त वेग दाखवतो, म्हणून सोबत्याने मोबाइलच्या जीपीएसवरचा वेग लिहावा.

दुसरी, ती कुठे जाणवते. स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलत असेल तर बहुधा पुढची चाकं. स्टिअरिंग स्थिर, पण सीट, पायाखालची जमीन किंवा मागच्या सीटवरच्या माणसाची पाठ थरथरत असेल तर मागची चाकं. हा नियम शंभर टक्के पाळला जातो असं नाही, पण सुरुवात इथूनच करायची.

तिसरी चाचणी मला सगळ्यात मोलाची वाटते. थरथर शिगेला असताना वेग तोच ठेवून गिअर बदला. पाचव्यात ८५ वर असाल तर चौथ्यात या आणि ८५ च ठेवा. इंजिनाचे फेरे वाढले, चाकांचे तेवढेच राहिले. थरथर तशीच राहिली तर इंजिन, क्लच आणि माउंटिंग (इंजिनाचे रबरी आधार) एका फटक्यात यादीतून बाद. थरथर बदलली किंवा गेली तर चाकांकडे बघायचंच कारण नाही. ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल मोड असेल तर तो वापरा.

चौथी, ॲक्सिलरेटर दाबला असताना, सोडला असताना आणि स्थिर धरला असताना काय फरक पडतो. मॅन्युअल गाडीत मोकळ्या सपाट रस्त्यावर तीन-चार सेकंद क्लच दाबून बघता येतं. इंजिन मात्र चालू गाडीत कधीही बंद करू नका. ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदत जाते, शिवाय स्टिअरिंग लॉक होण्याचा धोका असतो.

पाचवी, मागे कुणी नाही हे आरशात बघून हलका, लांब ब्रेक लावा. थरथर ब्रेक लावल्यावरच येते, की आधीपासून असते?

सोबत्याने या पाच उत्तरांचा कागद केला, की निम्मं निदान झालं.

आकडे काय सांगतात

अनेक हॅचबॅक गाड्यांना १८५/६५ आर १५ मापाचा टायर असतो. त्याचा परीघ सुमारे १.९५ मीटर. १०० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला १४ फेऱ्यांच्या जरा वर मारतं. ८० ला साधारण साडेअकरा. त्याच वेळी इंजिन मिनिटाला २८०० फेऱ्यांवर असेल तर सेकंदाला जवळजवळ ४७ फेरे घेतं.

चाकाची थरथर हाताला ‘हलणं’ म्हणून कळते, स्टिअरिंगची कड डोळ्यांनाही हलताना दिसते. इंजिनाची किंवा प्रोपेलर शाफ्टची थरथर बारीक असते, ती गुणगुण किंवा मुंग्यांसारखी जाणवते, आरशातलं प्रतिबिंब धूसर करते. आकड्यानेच खात्री हवी असेल तर फोनमधला ॲक्सलरोमीटर (हालचाल मोजणारा सेन्सर) उपयोगी पडतो. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे. त्यातला प्रवेगाचा स्पेक्ट्रम (सेकंदाला किती थरथरी येतात ते दाखवणारा आलेख) उघडून फोन दोन सीटच्या मधल्या कठीण जागेवर सपाट, घट्ट बसवा आणि वेग स्थिर ठेवा. हे काम सोबत्याचं. १०० ला १४ च्या आसपास सुळका आला तर दोष चाकात, डिस्कमध्ये किंवा हबमध्ये (चाक ज्यावर नटांनी बसतं तो भाग). ५० च्या आसपास आला तर इंजिन किंवा प्रोपेलर शाफ्ट. वेगाबरोबर सुळका सरकतो का, हेही बघा.

वेग वाढला की थरथर एवढी का वाढते, तेही हिशेबात दिसतं. रिमच्या कडेला ३० ग्रॅमचा फरक असेल तर १०० च्या वेगाला तो चाकाला सुमारे साडेचार किलोच्या जोराने बाहेर ओढतो आणि दर फेरीला दिशा बदलतो. ५० च्या वेगाला तोच जोर जेमतेम सव्वा किलो असतो, कारण जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यातच सस्पेन्शन आणि स्टिअरिंगची स्वतःची नैसर्गिक कंपनसंख्या बहुतेक गाड्यांत ८० ते ११० च्या पट्ट्यात चाकाच्या फेऱ्यांशी जुळते. म्हणून तिथे थरथर शिगेला जाते आणि पुढे जरा निवळते. निवळली म्हणजे दोष गेला असं समजू नये.

स्टिअरिंग हलतं, गिअर बदलून फरक नाही: चाकं

सर्वाधिक गाड्या याच गटात निघतात. इथे मशीनवर जाण्याआधी एक फुकटचा प्रयोग करा. एका बाजूचं पुढचं चाक मागे आणि त्याच बाजूचं मागचं पुढे टाका, आणि त्याच रस्त्यावर त्याच वेगाने पुन्हा चालवा. थरथर स्टिअरिंगमधून सीटमध्ये गेली तर दोषी चाक सापडलं. काहीच फरक पडला नाही तर दुसऱ्या बाजूला तेच करा. दोन्ही बाजूंनी फरक नसेल तर दोष चाकात नसून जिथे चाक बसतं तिथे आहे: हब, डिस्क किंवा शाफ्ट. स्टेपनी त्याच मापाची असेल तर तीही वापरता येते. अनेक नव्या गाड्यांत मात्र ती लहान मापाची आणि ८० च्या मर्यादेची असते, तिच्यावर ही चाचणी करायची नाही.

जॅक सपाट, टणक जमिनीवर लावा, हँडब्रेक ओढा, बाकीच्या चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात-डोकं घालू नका.

चाक काढलेलं असताना हबचा चेहरा बघा. गंज, मातीचा थर, जुन्या रंगाचे पापुद्रे तारेच्या ब्रशने साफ करा, रिमचा मागचा भागही. अर्ध्या मिलिमीटरची माती चाकाला तिरकं बसवायला पुरते. बाहेरून अलॉय बसवले असतील तर त्यांचं मधलं भोक हबच्या मापाचं आहे का ते तपासा. भोक मोठं असेल तर मध्ये मापाची रिंग लागते. ती नसेल तर चाक केवळ नटांच्या भरवशावर मध्यावर येतं, आणि बहुतेकदा येत नाही. नटांची बैठकही जुळायला हवी: शंकूच्या बैठकीला शंकूचा नट, गोलाकाराला गोल. स्टीलच्या रिमचे नट अलॉयला चालतीलच असं नाही.

नट समोरासमोरचे, चांदणीच्या क्रमाने आवळायचे, आधी हलके, मग गाडी खाली टेकवून पूर्ण ताकदीने. लहान-मध्यम गाड्यांना सामान्यतः ८५ ते १३० न्यूटन-मीटरच्या दरम्यान ताकद लागते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो.

बॅलन्सिंगच्या मशीनसमोर उभं राहा

काचेपलीकडच्या सोफ्यावर बसून राहू नका. बॅलन्सिंग हे काम मशीनपेक्षा करणाऱ्याच्या हातावर जास्त अवलंबून असतं, आणि चांगला कारागीर ग्राहक बघतोय म्हणून कधी रागावत नाही.

आधी सगळी जुनी वजनं काढायला सांगा. जुन्यावर नवी चढवत गेलेली रिम मी पुष्कळ बघितली आहेत. चाक मशीनच्या दांड्यावर बसवताना मधल्या भोकाच्या मापाचा शंकू वापरला पाहिजे, आणि रिम स्वच्छ पाहिजे. मशीनला रिमचं अंतर, व्यास आणि रुंदी अशी तीन मापं द्यावी लागतात. आधीच्या गाडीची मापं तशीच ठेवून चाक फिरवलं तर येणारा आकडा निरुपयोगी. आत आणि बाहेर अशी दोन्ही बाजूंची वजनं काढायला सांगा. दिसायला बरं म्हणून सगळं वजन एकाच ओळीत चिकटवलं, तर चाकाचं डावं-उजवं हेलकावणं तसंच राहतं, आणि स्टिअरिंगला तेच जाणवतं.

दोन्ही बाजूंना शून्य आलं की एक विनंती करा: नट सैल करून चाक दांड्यावर अर्धा फेरा फिरवून पुन्हा घट्ट करा आणि परत मोजा. आकडा ५-१० ग्रॅमच्या आत राहिला तर बसवणी अचूक. एकदम २५-३० दाखवला तर पहिलं शून्य खोटं होतं, चाक मध्यावर बसलंच नव्हतं. एवढ्या एका तपासणीने बॅलन्सिंगच्या बहुतेक फसलेल्या कामांचा उलगडा होतो. या तपासणीला नकार देणाऱ्या दुकानात मी तरी गाडी ठेवणार नाही.

एका बाजूला ६०-७० ग्रॅमच्या वर वजन मागत असेल तर ते निमूटपणे चिकटवू नका. टायरची हवा सोडून तो रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवला की अनेकदा मागणी निम्म्यावर येते. नव्या टायरवर पिवळा ठिपका असतो, तो टायरचा हलका भाग दाखवतो आणि व्हॉल्व्हसमोर यायला हवा. लाल ठिपकाही असेल तर तो टायरचा उंच भाग. रिमवर खोलगट भागाची खूण असेल तर लाल ठिपका तिच्यासमोर ठेवायचा.

चिकटवायची वजनं पुसलेल्या, कोरड्या जागेवरच टिकतात. पावसाळ्यात ओल्या रिमवर लावलेली पहिल्याच खड्ड्यात पडतात.

अलाइनमेंटबद्दल इथेच सांगून टाकतो. बिघडलेल्या अलाइनमेंटने गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग वाकडं राहतं, टायर एका कडेने झिजतो. सरळ रस्त्यावर ठरावीक वेगाला येणारी थरथर त्याने येत नाही. महिनोन्‌महिने बिघडलेली राहिली तर टायर खाचाखाचांनी झिजतो आणि मग तो टायर थरथरतो. तेव्हा अलाइनमेंट दुरुस्त केली तरी झिजलेला टायर काही सरळ होत नाही.

बॅलन्स शून्य, तरी थरथर

बॅलन्सिंगमध्ये फक्त वजन मोजलं जातं. चाक गोल आहे का, हे त्यात कळत नाही. अंडाकृती चाकालाही वजनं लावून शून्य आणता येतं.

मशीनवर चाक हळू फिरत असताना रिमच्या कडेजवळ स्क्रूड्रायव्हरचं टोक स्थिर धरा आणि फट बघा. वर-खाली किंवा आत-बाहेर ती एक मिलिमीटरपेक्षा जास्त बदलत असेल तर रिम वाकलेली आहे. टायरच्या तोंडावर हीच पाहणी करा, तिथे दीड मिलिमीटरपर्यंत चालून जातं. रिम गोल आणि टायर उड्या मारत असेल तर दोष टायरमध्ये, किंवा टायर रिमच्या कडेवर नीट बसलेला नाही. रिमच्या कडेलगत टायरवर एक बारीक रेघ असते. तिचं रिमपासूनचं अंतर सगळीकडे सारखं नसेल तर हवा काढून, कडेला साबणाचं पाणी लावून पुन्हा बसवा.

वाकलेली स्टीलची रिम चांगल्या कारागिराकडे सरळ होते. अलॉयच्या बाबतीत मी सावध राहायला सांगेन. हलका बाक मशीनवर काढता येतो, पण आतल्या कडेला तडा असेल तर वेल्डिंग करून ती पुढच्या चाकाला लावू नये.

टायरचं वय बघा. बाजूच्या भिंतीवर डीओटी अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक आहे म्हणून वापरात ठेवलेला, उन्हात उभ्या गाडीचा जुना टायर आतून सुटायला लागलेला असू शकतो. त्याची एक खूण फार स्पष्ट असते: २०-४० च्या संथ वेगातही स्टिअरिंग किंवा गाडीचा पुढचा भाग हळूहळू डोलतो, आणि दर आठवड्याला ते वाढत जातं. असा टायर ताबडतोब काढा.

काही टायर दिसायला गोल असतात, पण एका जागी जास्त कडक असतात. भाराखाली ते अंडाकृती वागतात. ते साध्या मशीनवर कधीच सापडत नाहीत. त्यासाठी टायरवर रोलर दाबून मोजणारं रोड फोर्स मशीन लागतं, ते मोठ्या शहरांतल्या मोजक्या दुकानांत असतं. जवळ नसेल तर चाकांची अदलाबदल हाच उपाय.

ब्रेक लावल्यावरच हलतं

मग डिस्क. गॅरेजमध्ये ‘डिस्क वाकली’ म्हणतात. बऱ्याचदा तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. ०.०२ मिलिमीटरचा फरकही पायाला आणि स्टिअरिंगला जाणवतो. घाट उतरताना खालचा गिअर न वापरता ब्रेकवरच गाडी धरली, आणि तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून ठेवून टोलनाक्यावर थांबलं, की पॅडचा थर डिस्कवर एका जागी बसतो. तिथून सुरुवात होते. नट वेडेवाकडे आवळल्यानेही डिस्क ताणली जाते.

डिस्क लेथवर घासण्याआधी तिची जाडी मोजायला सांगा. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, तिच्याखाली जाणार असेल तर नवी घ्या, आणि एका ॲक्सलवरच्या दोन्ही घ्या. हब साफ न करता नवी डिस्क बसवली तर काही हजार किलोमीटरांनी तीच तक्रार परत येते.

ब्रेक न लावताही थरथर आहे आणि २०-३० किलोमीटर चालल्यावर वाढते, असं असेल तर कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकलाय का बघा. हायवेवरून शक्य तितका कमी ब्रेक लावून थांबा आणि चारही चाकांजवळ हात न लावता उष्णता जोखा. एक चाक बाकीच्यांपेक्षा खूपच तापलेलं असेल, करपल्याचा वास असेल, तर दोष तिथे.

ॲक्सिलरेटर दाबला की थरथर, सोडला की बंद

पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत हे लक्षण ड्राइव्ह शाफ्टच्या आतल्या, गिअरबॉक्सकडच्या जॉइंटचं. त्यात तीन रोलर असतात, म्हणून थरथर चाकाच्या फेऱ्यांच्या तिप्पट येते. १०० ला सेकंदाला साधारण ४३. गाडीत पाच माणसं आणि सामान असताना, चढावर ती वाढते. वळताना कटकट आवाज येत असेल तर तो बाहेरचा, चाकाकडचा जॉइंट. खाली वाकून रबरी बूट बघा. फाटलेला असेल तर आजूबाजूला ग्रीस उडालेलं दिसतं. फाटून थोडेच दिवस झाले असतील तर साफ करून नवं ग्रीस आणि नवा बूट पुरतो. पावसाळाभर तसाच चालवला असेल तर जॉइंट गेला.

स्कॉर्पिओ, बोलेरो, जुनी डिझेल इनोव्हा अशा मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत लांब प्रोपेलर शाफ्ट असतो. तो चाकापेक्षा साधारण चौपट वेगाने फिरतो, त्यामुळे थरथर बारीक, जमिनीतून आणि सीटखालून येणारी. क्रॉस जॉइंटमधली (शाफ्टच्या टोकाच्या सांध्यातली) झीज, मधल्या बेअरिंगचं फाटलेलं रबर, शाफ्टचं पडलेलं वजन ही नेहमीची कारणं. गाडी उचलून, शाफ्ट हाताने पिळून क्रॉसमध्ये खेळ, म्हणजे ढिलेपणा, आहे का बघा. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही टोकांना खुणा करून घ्यायला सांगा. जुळणी एका दाताने चुकली तरी नवी थरथर सुरू होते.

इंजिनाबरोबर बदलणारी

गाडी उभी, न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. हायवेवर थरथर ज्या आरपीएमला येते तिथे इंजिन न्या. उभ्या गाडीतही आली तर इंजिनाच्या माउंटिंगचं रबर बसलंय, किंवा एखादा सिलिंडर नीट जळत नाही. बॉनेट उघडून सोबत्याला हलका क्लच सोडून गाडी ओढायला लावली, हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक दोन्ही लावून, की तुटलेल्या माउंटिंगवर इंजिन उचलताना दिसतं. समोर कुणी उभं राहायचं नाही.

सस्पेन्शन आणि बेअरिंग

टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश हे स्टिअरिंग-सस्पेन्शनचे सांधे चाकासारखे फिरत नाहीत, त्यामुळे ते थरथर निर्माण करत नाहीत. पण ढिले असतील तर चाकातली १० ग्रॅमची चूकही स्टिअरिंगपर्यंत पोचवतात. चाक उचलून घड्याळाच्या ९ आणि ३ च्या जागी धरून हलवा: खेळ असेल तर बहुधा टाय रॉड एंड. १२ आणि ६ ला धरून हलवा: तिथला खेळ बॉल जॉइंट किंवा बेअरिंगचा. सोबत्याने ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग.

बेअरिंग आवाजानेही ओळखू येतं: वेगाबरोबर वाढणारी घरघर. मोठ्या वळणावर ती बदलते. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो, तेव्हा वाढली तर उजवं बेअरिंग.

गॅरेजमध्ये सांगताना

‘गाडी व्हायब्रेट होते’ एवढंच जॉबकार्डवर लिहू देऊ नका. ‘जीपीएसवर ८५ ते १०५ मध्ये स्टिअरिंग हलतं, गिअर बदलून फरक नाही, ब्रेकशी संबंध नाही, डावं पुढचं चाक मागे टाकल्यावर थरथर सीटमध्ये गेली’ असं लिहायला लावा. असं वाक्य वाचल्यावर कुणी स्टिअरिंग रॅक बदलायला सांगणार नाही. एका वेळी एकच काम करून घ्या आणि प्रत्येकानंतर त्याच रस्त्यावर, तेवढीच हवा ठेवून, त्याच वेगाला गाडी चालवून बघा. चार कामं एकदम केली तर थरथर जाईलही, पण कशाने गेली ते कळणार नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा चारही करावी लागतील.

चाकं कुठल्याही कारणाने काढली असतील तर ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर, चाकं थंड असताना, नट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने (आवळण्याची ताकद मोजणाऱ्या पान्याने) तपासा. अलॉय असतील तर हे नक्कीच करा.